भुरीची खाज

लंकाबाईला कुत्रीची लूत लागली, ही बातमी पहिल्यांदा पिठाच्या गिरणीत फुटली. गिरणीत पट्टा फिरत असतो, त्यामुळं तिथं कुजबुजायची सोय नाही. जे सांगायचं ते वरडून सांगावं लागतं. म्हणून ती बातमी जन्मली तीच मोठ्या आवाजात. "अगं, हाताची सालटी निघत्यात तिच्या, सालटी! कांद्यावानी!" दुपारपर्यंत ती सालटी कोपरापर्यंत पोचली. संध्याकाळच्या दुधाला लोक डेअरीवर आले तोवर लंकाबाई कुत्रीला कुशीत घेऊन झोपते, दोघी एका ताटात जेवतात आणि सकाळी त्याच हातानं ती दुधाचे कॅन धुते, इथवर मजल गेली होती. एका काकूंनी तर लंकाबाईला कुत्र्यासारखा मागं पाय उचलून मान खाजवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे सांगताना काकूंनी तसा पाय उचलूनही दाखवला आणि हातातल्या पिठाच्या डब्यासकट आडव्या होता होता वाचल्या.

यातलं खरं एवढंच, की लंकाबाईच्या हातांची सालं निघत होती. ती अकरा वर्षं निघत होती. काष्टीच्या पुढं, घोड नदीच्या अंगाला आमची जी वस्ती आहे, तिथल्या डेअरीवर लंकाबाई कॅन धुवायची. चाळीस-चाळीस लिटरचे अॅल्युमिनियमचे कॅन, सकाळी चौदा, संध्याकाळी बारा. आधी गार पाण्यानं विसळायचे, मग कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, खांद्यापर्यंत हात आत घालून घासायचे, मग दोन पाण्यांनी काढून पालथे घालायचे. त्या सोड्यानं लोखंडी पिंपाचा रंग उडाला, तिथं कातड्याची काय कथा! कुत्रीकडून तिला काही लागलेलं नव्हतं. आणि मुळात कुत्रीला लूतच नव्हती.

हे लोकांना सांगा की, असं तिला कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "सांगून काय व्हनार? माजा गलास आदीपसनंच खिडकीत हाय."

तो खरंच खिडकीत होता. डेअरीत चहा सगळ्यांना एका ट्रेमधून येतो. लंकाबाईचा स्टीलचा ग्लास बाहेरच्या खिडकीत उपडा असायचा. ती तो स्वतः उचलायची, त्यात वरून चहा पडायचा, आणि पिऊन झाल्यावर ती तो स्वतः विसळून परत ठेवायची. असं कर म्हणून तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बौद्धवाड्यातून येऊन जी अख्ख्या वस्तीच्या दुधाची भांडी घासते, तिचा ग्लास वेगळा का, हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. लुतीची बातमी आल्यावर मात्र लोकांना फार हलकं वाटलं. इतकी वर्षं जे करत होते त्याला आता कारण मिळालं.

हे लिहिणारीचं घर डेअरीच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. भिंत एका विटेची. त्यामुळं पुढचं बहुतेक बोलणं कानांनी ऐकलेलं, आणि जे ऐकलेलं नाही ते लंकाबाईनंच नंतर सांगितलेलं.

भुरी आली ती टेम्पोतून. रिकाम्या कॅनांच्या मधे कुणीतरी पिल्लू टाकून दिलं होतं. ड्रायव्हरनं ते मानगुटीला धरून खाली ठेवलं आणि टेम्पो गेला. रंग वाळल्या गवताचा, म्हणून भुरी. डेअरीच्या दारात मधे खळगा असलेला एक दगड आहे. दूध मोजायला देण्याआधी किटलीतलं चूळभर दूध त्या दगडात, दारातल्या कुत्र्यापुढं ओतायचं, अशी इथली रीत. त्यानं म्हणे फॅट चांगली लागते. भुरी त्या दगडावरच वाढली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात ती पुढचे पंजे चाटायला लागली. मग कान. मग काखा, मग पोट. सहा महिन्यांत पोटावरचे केस गेले, खालचं कातडं आधी लाल, मग काळं, मग हत्तीच्या पायासारखं जाड झालं. कानांतून आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. भुरी म्हणायला अंगावर भुरं असं काही उरलंच नाही. ती बसल्या जागी मागचा पाय उचलून खाजवायची आणि दर फटक्याला तो पाय डेअरीच्या पत्र्याच्या दारावर आपटायचा. धड-धड-धड-धड. जरा थांबायची. धड-धड-धड-धड. आत दूध मोजता मोजता सचिव वैजनाथभाऊ ओरडायचे, "कोन हाय रे?" आणि मग स्वतःच म्हणायचे, "हां, ती व्हय."

लंकाबाईला हा आवाज सोसत नसे. तिचा नवरा कल्याण दोन्ही किडन्या जाऊन वारला. शेवटचे आठ महिने त्याला दुखलं कमी, खाजलं फार. पाठीला, तळव्यांना, टाळूला. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, सगळं आतून. लंकाबाई मक्याचं दाणे काढलेलं कणीस घेऊन त्याची पाठ खाजवत बसायची. भेटायला आलेले लोक विचारायचे, "दुखतंय का?" तो नाही म्हणायचा. "मंग बरंय की," म्हणून लोक उठायचे. खाजवून खाजवून त्याच्या पोटऱ्यांना जखमा झाल्या आणि त्या जखमांतच तो गेला. "दुखत आसलं तर लोक दवाखाना दाखवत्यात," लंकाबाई सांगते, "खाजत आसलं तर हसत्यात."

भुरीला औषधं मात्र सगळ्यांनी सांगितली. कुणी गंधक आणि खोबरेल तेल, कुणी करंजाचं तेल, कुणी तंबाखूचं पाणी. लंकाबाईनं सगळं केलं. शेवटी सोपानतात्यांनी सांगितलं तेही केलं. सोपानतात्या म्हणजे रोज दीड लिटर दूध घालणारे आणि दीड तास बसणारे. वरचे दोन दात नसल्यानं त्यांचा प्रत्येक 'स' शिट्टी घेऊन बाहेर येतो.

"आपुन काय म्हन्तो, लंके, जळकं ऑइल लाव. ट्रॅक्टरचं. माज्या बैलाला लावलं हुतं. सगळी लूत साफ!"

"बैल कुटं हाय आता?"

"मेला. पन मरताना लूत न्हवती."

लंकाबाईनं गॅरेजवरून डबाभर जळकं ऑइल आणलं आणि भुरीला गळ्यापासून शेपटीपर्यंत चोपडलं. भुरीनं ते चाटलं. तीन दिवस ती काळं ओकत होती. चौथ्या दिवशी पोटाचं कातडं ओल्या कागदासारखं लंकाबाईच्या हाताला चिकटून आलं. तात्यांना दोष द्यायची सोय नव्हती. लावणारे हात तिचेच होते. तात्याच म्हणाले, "आपुन काय म्हन्तो, जरा पातळ करून लावायचं हुतं."

डॉक्टर कैनात वस्तीवर आल्या त्या गायींना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नव्या, माहेर संगमनेरचं, वय असेल अठ्ठावीस-तीस. काही वाईट सांगायचं असलं की त्या आधी "एक मिनिट हं" म्हणायच्या. पुढं पुढं तर त्यांनी तोंड उघडलं की लोक गायीच्या गळ्यात हात टाकून उभे राहायचे. त्यांनी भुरीच्या कोपराजवळचं कातडं पात्याच्या बोथट कडेनं रक्त दिसेस्तोवर खरवडलं, ते काचेवर घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"एक मिनिट हं, लंकामावशी. ही लूत नाहीये. लुतीचे किडे असतात, ते एकही दिसले नाहीत. ही अॅलर्जी आहे."

"मंग औशद द्या."

"देते. पण एक मिनिट हं. ही पूर्ण बरी होणार नाही."

"मरनार?"

"मरणार नाही, बरीही होणार नाही. माणसाला शुगर असते ना, तसं. ताब्यात ठेवायचं. जन्मभर."

"कुनाच्या जन्मभर? तिच्या का माज्या?"

"जिचा आधी संपेल तिच्या," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी लंकाबाईला गोठ्याच्या ओट्यावर बसवून नीट समजावून सांगितलं. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूनं आंघोळ, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा, मग धुवून पंजांच्या बोटांमधलं पाणीसुद्धा टिपायचं. कान पुसायचे. महिन्याला गोचीड-पिसवांचं औषध चुकवायचं नाही. आणि पंधरा दिवस गोळ्या.

गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी धडधड थांबली. लंकाबाई घाबरून बघायला धावली, तर भुरी पाय पसरून घोरत होती. पंधरा दिवसांनी गोळ्या संपल्या आणि आठवड्यात दार पुन्हा वाजायला लागलं.

"त्याच गोळ्या द्या की बाई कायमच्या."

"त्या खाज दाबतात, मावशी. वर्षभर दिल्या तर आतून पोखरतील तिला. कशानं खाजतंय ते शोधायला पाहिजे."

शोधायची वाट अशी होती: आठ आठवडे भुरीनं जन्मात कधी न खाल्लेलं असं एकच अन्न द्यायचं आणि दुसरा कणही तोंडात जाऊ द्यायचा नाही. लंकाबाई डोक्याला हात लावून बसली. डेअरीवरच्या कुत्रीनं काय खाल्लेलं नाही? भाकरी, पेंड, कोंबडीची आतडी, दहाव्याचा भात, वडापावचा कागद, एकदा वैजनाथभाऊंची चप्पल. शेवटी नदीतली चिलापी आणि रताळं ठरलं. मासा उकडायचा आणि बोटांनी एकेक काटा काढायचा. सालं निघालेल्या बोटांत ते काटे शिरायचे. मग वस्तीवर नवीन बातमी निघाली, की लंकाबाई कुत्रीला मासळी घालते आणि स्वतः चटणी-भाकर खाते. ही बातमी खरी होती.

हे सुरू झालं पोळ्याला. त्याच दिवशी वैजनाथभाऊंनी तिला आत बोलावलं. भाऊंची बोलायची पद्धत अशी, की ते आधी "विषय संपला" म्हणतात आणि मग विषय सुरू करतात.

"हे बघ लंकाबाई, लोक माज्या तोंडावर बोलत्यात. दोघांनी दूध दुसऱ्या डेअरीला वळवलं. वसुबारशीच्या आदल्या दिवशी दूध संघाचे सायेब तपासनीला येनारेत. त्या दिवशी ह्या आवारात एक तर कुत्री नसंल, न्हाईतर तू नसशील. विषय संपला."

लंकाबाई तिथंच उंबऱ्यावर बसली.

"म्हंजे मी काय वाईट मानूस न्हाई. तू तिला घरी बांधती, ती दावं तोडून हितंच येती, त्याला मी काय करू? टेम्पोवाला भंडारदऱ्याला फिराया जानार हाय, त्याच्यासंगं लावून देऊ. तिकडं पर्यटक लोक बिस्किटं घालत्यात. ऐश करंल."

"अशा अंगानं?"

"हां, म्हंजे..." भाऊ जरा अडखळले. "लांबून टाकत्यात बिस्किटं."

"वसुबारशीपतूर बरी दिसाया लागली तर?"

"मंग लोकांची तोंडं बंद. मंग मला काय पडलंय? विषय संपला. आन् हे बघ..."

पोळा ते वसुबारस, मोजून आठ आठवडे. लंकाबाईनं दारातला दगड पालथा घातला. खताच्या गोणीच्या पाठीवर कोळशानं लिहून भिंतीला लावलं: 'कुत्रीला काहीही घालू नये. डॉक्टरांचे पथ्य आहे.' सोपानतात्यांनी ते शिट्ट्या वाजवत मोठ्यानं वाचलं. "पत्य? कुत्रीला? माज्या सुनंनं मला कदी ठेवलं न्हाई!" आणि सवयीनं किटली कलती करून पालथ्या दगडावरच दूध ओतलं. लंकाबाईनं ते फडक्यानं टिपून घेतलं, वर पाणी मारलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं भुरीला कुंपणाबाहेर लिंबाखाली साखळीनं बांधलं आणि तोंडाला वासराचं मुसकं घातलं. शेजारपाजारची पोरं, उकिरडा, कोंबड्या, सगळ्यांवर तिची नजर. भाकरीचा तुकडा टाकला म्हणून एका बाईशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. "कुत्र्याच्या तोंडचा घास काडती, कसली बाई!" असं ती बाई अजून सांगते.

सहा आठवडे गेले. फरक नाही. उलट मुसक्याच्या दोरीनं नाकावर नवी जखम झाली.

"कुणीतरी काहीतरी घालतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"न्हाई."

"मावशी, एक मिनिट हं. राग नका मानू. तुम्हीच कधी कीव येऊन..."

"कल्यानची आन."

 मग खाण्याची नसेल, डॉक्टर म्हणाल्या; धुळीची असेल, गाजरगवताची असेल, आणि ती असली तर या माळावर काय करणार? पण त्यांच्या मनाला पटलं नसावं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सकाळी सातलाच डेअरीवर आल्या, एका पालथ्या कॅनवर बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या.

दूध मोजून झालं. टेम्पो भरून गेला, आदल्या खेपेचे रिकामे कॅन उतरवून गेला. लंकाबाईनं पहिला कॅन आडवा केला, तांब्याभर गार पाणी आत फिरवलं आणि ते मोरीत न ओतता घमेल्यात ओतलं. दुसरा कॅन. तिसरा. घमेलं भरल्यावर ते घेऊन ती लिंबाखाली गेली, भुरीचं मुसकं सोडलं आणि ओंजळीओंजळीनं ते पाणी तिच्या पोटावर, काखेत, पंजांवर लावायला लागली. भुरी शांत उभी राहिली. मग मान वळवून पंजा चाटायला लागली.

"मावशी, हे काय?"

"धुवन. कॅनाचं."

"हे रोज लावता?"

"दोन्ही टायमाला. थंडावा लागतो तिला. तेवढाच."

"यात काय आहे?"

"पानी."

"मग पांढरं कशानं झालंय?"

या वेळी डॉक्टर "एक मिनिट हं" म्हणाल्या नाहीत.

लंकाबाईनं घमेल्यात पाहिलं. अकरा वर्षं तिनं हे पाणी रोज पाहिलं होतं. डेअरीत जे काट्यावर चढतं, ज्याची फॅट लागते, ज्याची पावती फाटते, ते दूध. माप झालं की दूध संपलं. कॅनच्या बुडाला राहतं ते धुवण. त्याला सचिवांनी, साहेबांनी, शेतकऱ्यांनी, कुणीच कधी दूध म्हटलं नव्हतं. दगड पालथा घालणाऱ्या, फडक्यानं थेंब टिपणाऱ्या लंकाबाईच्याही मनाला ते शिवलं नाही. आणि दुसरं म्हणजे, कल्याण आजारी असताना ती हेच धुवण बरणीतून घरी न्यायची. मळका पंचा त्यात भिजवून त्याच्या पाठीवर टाकला की त्याचा घटकाभर डोळा लागायचा. खाजेवरचा तिला ठाऊक असलेला तेवढा एकच उतारा होता.

"माज्याच हातानं," ती म्हणाली. एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं, की दुधाचीच असेल असं अजून म्हणता येत नाही, पण असली तर चमचाभरही पुरतं. आता आजपासून पुन्हा पहिला दिवस. पुरे आठ आठवडे.

"वसुबारस दोन आटवड्यांवर हाय."

"हो."

"त्या गोळ्या दिल्या तर?"

"तपासणीपुरती ती छान दिसेल. नोकरी राहील तुमची. पण कशानं खाजतंय ते कळणार नाही, आणि गोळ्या बंद केल्या की हेच."

लंकाबाईनं विचारलं, आता गोळ्या देऊन पथ्य नंतर धरलं तर? नुसतं धुवण बंद करून, काम चालू ठेवून? डॉक्टर म्हणाल्या, जमेल, पण हात नीट धुवून घरी जा, लुगडं बदला, मगच तिला जवळ घ्या. लंकाबाईनं आपले हात वर करून धरले. तळव्यांच्या भेगांत पांढरं बसलेलं होतं, नखांच्या कडेला, मनगटाच्या सुरकुत्यांत. घरी गेल्यावर भुरी पहिलं काय करायची? हे हात चाटायची. सोड्यानं जळलेल्या कातड्याला तेवढंच बरं वाटायचं, म्हणून लंकाबाईही चाटू द्यायची.

"ह्ये कशानं निगनार, बाई?" ती म्हणाली.

वसुबारशीच्या तीन दिवस आधी लंकाबाईनं सव्वीस कॅन धुतले, पालथे घातले आणि आत जाऊन सांगितलं, "भाऊ, उद्यापसनं आवारात कुत्री बी नसंल आन् मी बी." भाऊंना वाटलं ती थट्टा करते. ते हसले. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. तपासणीला साहेब आले, त्यांनी कॅनांत बॅटरी मारून बघितलं आणि 'स्वच्छता उत्तम' असं लिहून गेले.

लंकाबाई कांद्याच्या चाळीवर जायला लागली. दिवसभर उकिडवं बसून सडका कांदा वेगळा काढायचा. हाताला वास, डोळ्यांना पाणी, कमरेला कळ, आणि काम आज आहे तर उद्या नाही. भुरी चाळीच्या सावलीत बांधलेली. आंघोळ, कान, मासा, रताळं. चौथ्या आठवड्यात खाजवणं निम्म्यावर आलं. सातव्यात पाठीवर हरभऱ्याच्या पाल्यावर असते तशी बारीक लव दिसली. आठ आठवडे झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, खात्री करायची तर आता चमचाभर दूध देऊन बघायला हवं. लंकाबाईनं शेजारून वाटीत दूध आणलं आणि स्वतः पाजलं. तिसऱ्या दिवशी भुरीनं कान रक्त येईस्तोवर फाडला.

कळलं ते कळलं. पण तो कान आत चिघळला, आणि त्यानं आता तिला ऐकू येत नाही. पोटाचं कातडं काळंच राहिलं, तिथं केस येणार नाहीत. ढगाळ हवा पडली, आंघोळ चुकली, कुणी लग्नाच्या पंगतीतला पेढा टाकला, की पंधरा दिवस पुन्हा तेच. हे असंच राहणार आहे. तिकडं सोडा सुटल्यामुळं महिन्या-दीड महिन्यात लंकाबाईचे हात भरून आले. गिरणीत लगेच सिद्ध झालं: कुत्री बरी झाली तशी बाईही बरी झाली, म्हणजे लूतच होती.

डेअरीवर कॅन धुवायला दुसरा माणूस आला. तो गार पाण्याच्या पाइपावर भागवायचा. पुढं एका पंधरवड्यात तीन कॅनांतलं दूध फाटून परत आलं. ही खबर घेऊन हे लिहिणारी चाळीवर गेली, आणि तिथं आमची पैज लागली.

"मावशी, वैजनाथभाऊ तुम्हाला बोलवायला येणार बघा."

"येनार की."

"आणि तुम्ही जाणार."

"न्हाई."

"कुत्री आवारात ठेव म्हणाले तरी? पाया पडले तरी?"

"तरी."

"उगाच! थंडीत इथं कांदे निवडत बसणार होय? लावा पैज."

"लाव. तू हरलीस तर भुरीची अंगूळ तू घालायची."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी हरले तर भुरी हरली," लंकाबाई कांदा फेकत म्हणाली. "काय घ्यायचं ते तिच्याकडनंच घे."

पाचव्या दिवशी वैजनाथभाऊ आले. मोटारसायकल चालूच ठेवून बोलायला लागले, मग बंद केली. "लंकाबाई, झालं गेलं घोड नदीला मिळालं. उद्यापसनं ये. कुत्रीलाबी आन, कोन काय बोलतंय ते मी बघतो. विषय संपला." लंकाबाईचा हात चालूच. "पगार वाडवतो. दोन कॅन कमी धू. आगं, बोल की कायतरी!"

"कॅन धुवायचे म्हंजे हात दुधात."

"मंग हातमोजे देतो की! रबरी! कोपरापतूरचे! नगरहून मागवतो, आजच्या आज!"

लंकाबाईचा हात थांबला. तिनं आपले भरून आलेले तळवे एकदा बघितले, एकदा भाऊंकडं बघितलं.

"अकरा वर्सं नगर तितंच हुतं ना, भाऊ?" ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या."

भाऊ मोटारसायकल ढकलतच रस्त्यापर्यंत गेले.

रविवारी हे लिहिणारीनं भुरीला आंघोळ घातली. काळ्या कातड्यावर हात फिरवताना ते जुन्या टायरसारखं लागत होतं, आणि काखेतल्या घडीत बोट गेलं की भुरी दात दाखवायची. फेस दहा मिनिटं ठेवायचा होता. दहा झाली, असं दोनदा सांगून बघितलं. पायरीवर बसलेल्या लंकाबाईनं दोन्ही वेळा मोबाईल बघितला आणि सहाच झाली म्हणून सांगितलं.